चाकरमान्यांचा मुलूख

कोंकण पाहावयाचें तर तें गणपतींत पाहूं नये, असें आमचें मत झालें आहे. गणपतींत कोंकण पाहणें म्हणजे लग्नाच्या दिवशीं घर पाहण्यासारखें आहे. जिकडे तिकडे दिवे, आरत्यांचा गजर, ओटीखालीं चपलांचा ढीग, आणि एरवीं ज्या परसांत नुसता पालापाचोळा साचलेला असतो तेथें मुंबईहून आलेल्या मुलांचा दंगा. रेल्वेच्या जादा गाड्या सुटतात, एस. टी.च्या गाड्या रांगेनें कशेडी घाट ओलांडतात, आणि आठ-दहा दिवस सारा मुलूख नांदता दिसतो. मग गौरी जातात, अनंतचतुर्दशी होते, आणि घरांना पुनः कुलुपें लागतात. तीं कुलुपें लागल्यावर मागें काय उरतें हें पाहावें, या हेतूनें आम्ही घरचीं चौघें मार्गशीर्षांत संगमेश्वर तालुक्यांतील एका गांवीं आठ दिवस राहून आलों. गांवाचें नांव सांगत नाहीं. सांगून उपयोगहि नाहीं, कारण शास्त्री आणि बाव या नद्यांच्या खोऱ्यांतील कोणतेंहि गांव घेतलें तरी त्यांत फारसें वेगळें दिसेल असें नाहीं.

मुंबईहून रात्रीं निघालेली गाडी उजाडतां उजाडतां आम्हांस संगमेश्वर रोड स्टेशनावर सोडून पुढें गेली. (महामार्गानें जाण्याचा बेत आम्हीं प्रथमच टाकून दिला होता. त्या रस्त्याचें रुंदीकरण सुरू होऊन एका तपाहून अधिक काळ लोटला, आणि तो विषय निघाला कीं कोंकणी माणसाशीं दुसरें कांहीं बोलणेंच होत नाहीं.) कोंकण रेल्वेचा सबंध मार्ग १९९८ च्या जानेवारींत सुरू झाला. आमच्या सोबत आलेल्या आत्याबाईंनीं त्याच्या पूर्वींचा काळ पाहिलेला. मुंबईस भाऊच्या धक्क्यावर बोटींत बसावयाचें, जयगडाशीं बोट थांबली कीं हेलकावणाऱ्या पडावांत उतरावयाचें, आणि भरतीच्या जोरावर खाडीनें वर यावयाचें. त्या बोटींचीं नांवें जुन्या माणसांच्या तोंडीं अजून आहेत, पण कांहीं नांवें उच्चारतांना आवाज उतरतो. १९२७ च्या नोव्हेंबरांत 'जयंती' व 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशीं वादळांत बुडाल्या. १९४७ च्या जुलैंत रेवसला निघालेली 'रामदास' मुंबई सोडल्यावर थोड्याच वेळांत उलटली व सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. तरी लोक जात राहिले. इतका धोका पत्करून माणसें कां जात होतीं?

वरवर पाहणारास याचें उत्तर जमिनींत दिसतें, व तें खोटेंहि नाहीं. या मुलखांत वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तरीहि वैशाखांत बायका हंडा घेऊन विहिरीच्या तळाशीं उतरतात. जांभा दगड पाणी धरून ठेवीत नाहीं, आणि सह्याद्रीवरून निघालेल्या नद्या चाळीस-पन्नास मैलांत धांव संपवून समुद्रास मिळतात. भाताचे मळे दऱ्यांतून चिंचोळे पसरलेले. बाकीची जमीन वरकस. तींत एक-दोन वर्षें नाचणी-वरी काढावी आणि मग कांहीं वर्षें ती तशीच पडीत ठेवावी. घरचें भात वर्षभर पुरलें असें सांगणारें कुणब्याचें घर आत्याबाईंच्याहि आठवणींत नाहीं. पण नुसती जमीन नापीक आहे म्हणून माणूस घर सोडीत नाहीं. तसें असतें तर माणदेशांत कोणी राहिलाच नसता. जाणाराला वाट लागते, आणि पलीकडे कोणी बोलावणारा लागतो. वाट समुद्रानें दिली, आणि ती घाटावरच्या वाटेपेक्षां स्वस्त होती. बोलावणारीं मिळालीं मुंबईच्या गिरण्यांत. कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं कंपनी काढली, १८५६ त त्यांची गिरणी चालूं लागली, आणि पुढें पन्नास वर्षांत परळ-लालबागच्या शेतांवर धुराडीं उभीं राहिलीं. १९११ च्या जनगणनेच्या वेळीं मुंबईच्या गिरणीकामगारांपैकीं निम्म्याच्या आसपास एकट्या रत्नागिरी जिल्ह्यांत जन्मलेले होते. त्या काळीं आजचा सिंधुदुर्ग रत्नागिरींतच मोडत होता, हें ध्यानांत ठेवावें.

आणखी एक कारण आहे, आणि तें आमच्या वाचकांस रुचेल असें नाहीं. "आमची कोंकणांत खोती होती" हें वाक्य आपल्या अनेक घरांत, जुनी पैठणी दाखवावी तशा सुरांत, उच्चारलें जातें. खोत ब्राह्मण होते, मराठे होते, मुसलमानहि होते. पण आपल्यापैकीं पुष्कळ होते हें नाकारून चालावयाचें नाहीं. सरकार आणि कूळ यांच्यामध्यें खोत उभा. भाताचा अर्धा हिस्सा त्यानें उचलावा, वर वेठीस माणूस बोलवावा, आणि मळणीच्या दिवशीं खळ्यावरूनच माप न्यावें. अशा कुळाला मुंबईची बारा तासांची पाळीहि सुटकेसारखी वाटली असेल, तर त्यांत नवल काय? तिकडे मुकादम शिव्या देई, परंतु रोख मजुरी हातांत पडे. डॉ. आंबेडकरांनीं १९३७ च्या सप्टेंबरांत खोती नष्ट करण्याचें बिल मुंबईच्या कायदेमंडळांत मांडलें. पुढच्याच जानेवारींत हजारों शेतकरी त्यासाठीं मुंबईत मोर्चानें आले. आणि कायदा व्हावयास १९४९ साल उजाडलें. तोंवर तीन-चार पिढ्या मुंबईस जाऊन बसल्या होत्या. कोंकणांतून माणूस गेला तो दारिद्र्यानें, असें आपण म्हणतों. तें दारिद्र्य कोणाकोणाच्या कोठारांत भरलेलें होतें, हें त्याच वाक्यांत सांगावयास आपण विसरतों.

आणि चाकरमानी तरी कोण? गिरणींत गेलेला कुणबी, गोदींत गेलेला हमाल, खलाशी, घरगडी एवढ्यांनाच आपण तो शब्द लावतों. वास्तविक या मुलखांतून बाहेर पडण्याची वहिवाट आपलीच जुनी आहे. श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट सिद्दीच्या जाचामुळें घाटावर गेले आणि १७१३ सालीं पेशवे झाले. त्यांच्या मागोमाग गुहागर, मुरूड, वेळणेश्वर या बाजूंचीं घराणींच्या घराणीं वर चढलीं. आज नागपूर, इंदूर, बडोदें येथें दोनशें वर्षें राहिलेलीं कुटुंबें व्याडेश्वरास अभिषेक करावयास येतात, देवळाबाहेर एक दिवस राहतात, कोंकणी जेवणाची तारीफ करितात आणि परत जातात. पेशवाई गेली तशी शाळा आली. धोंडो केशव कर्वे १८७५ सालीं परीक्षेस बसण्यासाठीं दापोलीजवळच्या मुरुडाहून साताऱ्यास पायीं चालत गेले, आणि वय लहान दिसतें म्हणून त्यांस परत पाठविलें, ही हकीकत बहुतेकांस ठाऊक असेल. त्याच कर्व्यांनीं पुढें मुंबईस स्थायिक झालेल्या मुरुडकरांकडून त्यांच्या उत्पन्नाच्या मानानें वर्गणी घेऊन 'मुरुड फंड' उभा केला आणि तो पैसा गांवच्या कामाला लावला, ही गोष्ट मात्र कमी लोकांस माहीत असते. आपलें जाणें तें 'शिक्षणासाठीं' आणि कुणब्याचें तें 'पोटासाठीं', असा भेद करण्याची आपली पद्धत आहे. जाणें दोघांचेंहि पोटासाठींच. भेद एवढाच कीं आपल्यांतील पुष्कळ जण बायकामुलें बरोबर घेऊन गेले, आणि गिरणीवाल्यास तीं मागें ठेवावीं लागलीं.

तीं मागें कां ठेवावीं लागलीं, याचा उलगडा लालबागच्या चाळींत होतो. एकेका गांवाची एकेक खोली असे. तिला गांवकीची खोली म्हणत. दहा बाय बाराच्या त्या जागेंत वीस-पंचवीस पुरुष राहत. सगळे एका वेळीं निजले असते तर मावलेच नसते. परंतु कोणाची दिवसपाळी, कोणाची रात्रपाळी, त्यामुळें एक उठे आणि त्याच वळकटीच्या जागीं दुसरा पडे. भिंतीवर पेट्यांची रांग, खुंटीवर कपडे, कोपऱ्यांत ग्रामदेवतेची तसबीर. जेवण खाणावळींत. त्या खाणावळी चालविणाऱ्या बायकांचाच पुढें १९७५ सालीं प्रेमाताई पुरव यांनीं 'अन्नपूर्णा महिला मंडळ' म्हणून संघ बांधला. मजुरी एका माणसाचें पोट भरून थोडें गांवीं धाडण्यापुरती होती; चौघांचें बिऱ्हाड मुंबईंत थाटण्यापुरती नव्हती. मुलें वाढवावयाचीं गांवानें, आजाऱ्याची शुश्रूषा करावयाची गांवानें, म्हाताऱ्याला शेवटीं पाणी द्यावयाचें तेंहि गांवानें. गिरणीस फक्त तरणा माणूस हवा होता. गिरणीमालकांच्या हिशेबाच्या वह्यांत कोंकणांतल्या या खर्चाचें पान कोठेंहि सांपडावयाचें नाहीं. १९२८ चा संप सहा महिने टिकला, कारण संपवाल्यांस गांवीं जाऊन पेज पिण्याची सोय होती. १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंतांच्या पुढारीपणाखालीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लाख कामगार उतरले, आणि पुष्कळ जण तसेच गांवीं आले. या खेपेस गांवाकडे पेज होती, पण परत जावयास गिरणी राहिली नाहीं. तो संप मागें घेतल्याचें आजतागायत कोणीं जाहीर केलेलें नाहीं.

गांवांत आमच्या मुक्कामाच्या घराला लागूनच एक काकी राहतात. वय ऐंशीच्या पुढें, पण कमरेंत वांकून अंगण झाडतात तें पाहून आमच्या सूनबाई शरमल्या. त्यांचें लग्न १९६० सालचें. यजमान परळच्या एका गिरणींत साच्यावर होते. आमच्या मंडळींशीं दोन-तीन संध्याकाळीं ओळख वाढल्यावर काकींनीं आपण होऊन सांगितलें तें असें: "मनीआर्डरीला खालीं चिटोरें असायचें. त्यांत चार ओळी. मला वाचतां येत नव्हतें, म्हणून पोस्टमन वाचून दाखवायचा, आणि सासूबाई दारांत उभ्या असायच्या. मग त्या चार ओळींत ते माझ्यासाठीं काय लिहिणार? लग्नापासून संपापर्यंत बावीस वर्षें. वर्षाला फार तर महिनाभर रजा. एकदां मीं बोटांवर मोजलें, दोन वर्षें काहीं भरत नाहींत." इतकें सांगून त्या थांबल्या. मग हंसून म्हणाल्या, "संप झाला नि ते कायमचे घरीं आले. आम्हांला एकमेकांची सवयच नव्हती. त्यांना माझें बोलणें मोठ्यानें वाटे, आणि मला त्यांचें रात्रीं जागणें. रात्रपाळीची सवय ना! दोन वाजतां उठून ओटीवर बसत." यजमान जाऊन आतां पुष्कळ वर्षें झालीं. पुरुषाच्या पश्चात् शेतीचा, कुळकचेरीचा, मुलांच्या लग्नांचा कारभार काकींनींच केला, आणि तो त्याच्या हयातींतहि त्याच करीत होत्या. आपल्याकडे कर्ता पुरुष म्हणतात तो या गांवांत दोन-तीन पिढ्या लुगडें नेसलेला होता. फक्त सात-बारावर त्याचें नांव लागत नव्हतें.

जनगणनेचे आंकडे हेंच दुसऱ्या भाषेंत सांगतात. २०११ सालीं साऱ्या महाराष्ट्रांत दर हजार पुरुषांमागें ९२९ स्त्रिया होत्या, आणि रत्नागिरी जिल्ह्यांत १,१२२. त्या आंकड्याकडे पाहून स्त्रीजन्माचें कौतुक करणारा एक लेख आमच्या वाचण्यांत आला होता. लेखकानें एकदां संध्याकाळच्या एस. टी.नें या बाजूस येऊन जावें. येथें स्त्रिया वाढलेल्या नाहींत; पुरुष गेलेले आहेत. आतां तर स्त्रियाहि जातात, कारण नव्या सुना विरार-डोंबिवलीस बिऱ्हाड करून राहतात, आणि त्यांनीं कां राहूं नये हें काकींची हकीकत ऐकल्यावर विचारण्याची आमची छाती नाहीं. परिणाम असा कीं २००१ सालीं जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती ती २०११ त १६,१५,०६९ झाली. शेजारच्या सिंधुदुर्गाचीहि थोडी घटलीच. त्यानंतरची जनगणना वेळेवर झाली नाहीं. पण गांवची शाळा मोजली तरी अंदाज येतो. पहिली ते चवथी मिळून नऊ मुलें.

त्या नवांपैकीं चार मुलें घरीं कानडी बोलतात. हें ऐकून आम्ही चकित झालों. गांवाच्या वरच्या अंगास सड्यावर चिऱ्यांची खाण आहे. जांभा कापण्याचें काम पूर्वीं येथलेच लोक करीत. हल्लीं तें विजापूरकडून आलेलीं कुटुंबें करितात. आंब्याच्या बागेंत तर आणखी निराळा प्रकार. १९९० च्या सुमारास सरकारनें रोजगार हमीशीं जोडून फळबागांची योजना काढली, त्या वेळीं पडीत वरकसावर हापूस व काजू लागले. झाडें लागलीं, मुलें मुंबईस गेलीं, आणि बाग राखावयास माणूस उरला नाहीं. आज रत्नागिरीच्या बाजूस कितीतरी बागांत आणि मच्छीमारी नौकांवर नेपाळी गडी आहेत. आमच्या यजमानांच्या बागेंतील गडी पश्चिम नेपाळांतला. तीन वर्षें येथें आहे. झाडावर चढून फळ झेल्यांत कसें घ्यावें, देंठ किती ठेवावा, हें तो आमच्या पुतण्याला अस्सल मराठींत समजावून सांगत होता. संध्याकाळीं खोपटाबाहेर बसून तो फोनवर बायकोचा चेहरा पाहत बोलतो. वर्षाकाठीं एकदां गांवीं जातो. काकी त्याला ताक नेऊन देतात. त्याच्या बायकोला वाचतां येतें काय, असें त्यांनीं आपल्याला एकदां विचारलें, असें तो म्हणाला.

याच रत्नागिरींत इंग्रजांनीं ब्रह्मदेशच्या थिबा राजाला १८८६ पासून आणून ठेविलें होतें, आणि तो १९१६ सालीं येथेंच वारला. येथून जाणाऱ्यांची गोष्ट सांगतांना येथें आणलेल्या या एका माणसाचें स्मरण आम्हांस उगीचच झालें. शेवटीं तो मुलूख सोडणाऱ्यांचा आहे असें म्हणावें, तर तेथें आलेलेहि थोडे नाहींत. जाणारे तर फारच दूर गेले. कोंकणी मुसलमान जहाजांवरून आफ्रिकेच्या दक्षिण टोंकापर्यंत पोंचले, पुढें आखातांत गेले. मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर करारानें गेलेल्या मराठी माणसांच्या वंशजांत 'झाकरी' नांवाचा नाच आजहि होतो. ती आमचीच जाखडी. मुंबईंत त्याच नाचाला 'बाल्या नाच' म्हणतात, कारण घरकामाला ठेवलेल्या कोंकणी पोरांस शहरानें सरसकट 'बाल्या' ठरविलें होतें. नांव ठेवणारे शहाणे लोक कोण होते, तें आम्ही लिहीत नाहीं. वाचकांनीं आपल्या आजोबांच्या बिऱ्हाडाची आठवण करावी.

गांवाचा कारभार आतां अर्धा मुंबईंत चालतो. 'ग्रामस्थ मंडळ' गांवांत आणि 'मुंबईकर मंडळ' दादर-परळला. वर्गणी मुंबईची म्हणून मतहि मुंबईचें. ग्रामदेवतेचें देऊळ लांकडी खांबांचें, कौलारू, उन्हाळ्यांत पाऊल टाकतांच गार वाटणारें होतें म्हणतात. तें पाडून सिमेंटचें बांधलें आणि आंत देणगीदारांच्या नांवांच्या संगमरवरी पाट्या बसविल्या. आम्हांस तें रुचलें नाहीं. परंतु पाट्या वाचल्यावर राग थोडा ओसरला. साचेवाला, जॉबर, बेस्टचा कंडक्टर, महानगरपालिकेचा शिपाई. ज्यांच्या आजोबांस त्या देवळाच्या पायरीपाशींच थांबवीत अशांचींहि आडनांवें त्यांत आहेत. जुन्या देवळाचे खांब सुंदर असतील, पण त्यांवर या माणसांचीं नांवें नव्हतीं.

२०२० च्या मे महिन्यांत, करोनाच्या दिवसांत, हेच देणगीदार मुंबईहून निघाले तेव्हां वेशीवर त्यांस अडविलें गेलें. शाळेंत चौदा दिवस ठेवावें कीं घरांत घ्यावें यावरून सख्ख्या भावांत वितुष्ट आलें. १८९६ च्या प्लेगांतहि मुंबई अशीच रिकामी होऊन कोंकणांत उतरली होती. काकींनीं आपल्या मुलाला पडवींत निजविलें व दुरून ताट सरकविलें. दोन वर्षें त्या घरांत तिचीं नातवंडें होतीं, विहिरीवर पंप बसला, एका मळ्यांत भातहि लागलें. पुढें कचेऱ्या उघडल्या.

आतां आमच्या मुक्कामाच्या घराविषयीं. तें आत्याबाईंच्या सासरचें. सात खणी, माजघराला शिसवी दरवाजा, ओटीवर झोंपाळा. सात-बाराच्या उताऱ्यावर तेवीस नांवें आहेत. त्यांपैकीं चौघे हयात नाहींत आणि दोघांचा पत्ता लागत नाहीं. बाकीचे पुणें, नागपूर, बंगळूर, एक जण अमेरिकेंत. घरांत प्रत्यक्ष राहतात त्या आत्याबाईंच्या जाऊबाई आणि त्यांचा एक मुलगा, दोघेंच. घर विकावें तर तेवीस सह्या पाहिजेत. दुरुस्त करावें तर तेवीस मतें. गणपतींत बारा-तेरा जण जमतात, दीड दिवस आनंदांत जातो, विसर्जनानंतर रात्रीं ओटीवर विषय निघतो, आवाज चढतात, आणि 'पुढच्या वर्षीं सगळे असतांना ठरवूं' म्हणून उठतात. वाटणी करून आपापल्या खणांना कुलूप लावण्याची सूचनाहि एकदां आली होती. त्यावर जाऊबाईंनीं एवढेंच विचारलें कीं, देवघर कोणाच्या वाट्याला लिहिणार?

एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणारे लेख आपल्या मासिकांतून नेहमींच येतात. त्यांत या घराचा हिशेब कोणीं मांडलेला आम्हीं पाहिला नाहीं. तेवीस जणांस तें घर हवें आहे. त्याची आठवण हवी, त्याच्या अंगणांतला फणस हवा, मुलांना दाखवावयास ती ओटी हवी. पावसाळ्यांत गळतें तेव्हां पातेलीं मांडावयास मात्र एकच बाई आहे. आमच्या आत्याबाईंनीं जातांना आपल्या हिश्श्याचें हक्कसोड जाऊबाईंच्या नांवें करून देण्याचें बोलून ठेविलें. मुलांस विचारलें काय, असें आम्हीं हळूच सुचविलें, तर म्हणाल्या, "त्यांना फोटो पाठवीन."

आम्ही निघालों त्या दिवशीं जाऊबाई ओटीवर बसून कौलांचा हिशेब करीत होत्या. मागल्या पडवीचे वासे वाळवीनें खाल्ले आहेत. ते बदलून कौलें पुनः परतावयाचीं आहेत. पूर्वीं गांवचेच दोन गडी हें काम दोन दिवसांत उरकीत. एक वारला, दुसरा मुलाकडे नालासोपाऱ्यास असतो. खाणीवरच्या कानडी माणसाला विचारलें आहे. शिमगा झाला कीं येतों, पण वासे आधीं आणून ठेवा, असें त्यानें सांगितलें आहे.